केतकीस, शुक्रवारच्या स्कूबा डाइव्हबद्दल

ठाणे, बुधवार रात्र

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

मघाशी फोन तुटला तो तू ठेवलास की तिकडची रेंज गेली, ते विचारत नाही. अंदमानात हॅवलॉकला रेंज येते-जाते म्हणतात, मी तेच धरून चालते. रिसॉर्टच्या वायफायवर आलीस की हे सावकाश वाच. निखिलला दाखवलंस तरी हरकत नाही, बाबांना मात्र आत्ताच नको.

तू म्हणालीस, "आई, डाइव्हनंतर विमानात बसायला बारा तास पुरतात, आमचे तर साडेसोळा होतायत." बारा तासांचा आकडा खरा आहे. फक्त तो तुझ्यासाठी नाही. ज्याने एकच डाइव्ह केली, तीही वर येताना अंगातला नायट्रोजन निघावा म्हणून सक्तीचे थांबे घ्यावे लागले नाहीत अशी, त्याने विमानात बसण्याआधी किमान बारा तास थांबायचं. दिवसात एकाहून जास्त डाइव्ह झाल्या किंवा लागोपाठ काही दिवस झाल्या, तर किमान अठरा. थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहूनही बरेच जास्त. हे आकडे डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या 2002 च्या बैठकीतून आले आणि अजून तेच पाळतात. तू रविवारपासून रोज पाण्यात आहेस. शुक्रवारी साडेतीनला वर येणार आणि शनिवारी सकाळी आठचं विमान. दीड तास कमी पडतो. आणि अठरा हासुद्धा किमान आकडा आहे, तो गाठला म्हणजे हमी मिळाली असं नाही.

रविवारपासून केलेल्या डाइव्ह शुक्रवारी का मोजायच्या, असं तुला वाटत असेल. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. अठरा मीटरवर तू जमिनीवरच्या 2.8 पट दाबाची हवा घेतेस आणि तेवढ्या दाबाने नायट्रोजन अंगात विरघळतो. रक्तातून आणि मेंदूतून तो मिनिटांत बाहेर पडतो. चरबी आणि सांध्यांभोवतालच्या ऊती मात्र त्याला कित्येक तास धरून ठेवतात. आजचा पुरता निघायच्या आत उद्याचा त्यावर चढतो. आता विमानाचं बघ. केबिनमध्ये दाब भरलेला असतो म्हणून आत जमिनीवरच्यासारखंच वाटतं, पण तिथली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी तेवढी विरळ असते. आपलं कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे त्याच्याही वर. दाब एकवरून पाऊणपर्यंत उतरतो आणि अंगात राहिलेला वायू गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर येतो तसा बुडबुडे होऊन बाहेर यायला लागतो. सांध्यात आला तर दुखणं, मज्जारज्जूत आला तर पाय.

बघ, लगेच पायापर्यंत पोचले. घाबरवायचं नव्हतं. तुझं इन्स्ट्रक्टरकडे लक्ष असतं, तू हळू वर येतेस, पाच मीटरवर खबरदारी म्हणून तीन मिनिटं थांबतेस, हे तू न विचारता सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं. मारोतराव शिंदे तरणतलावाच्या कठड्याला धरून बसणारी मुलगी, बाबा पायरीवर टॉवेल घेऊन उभे, आणि तू म्हणायचीस, पाणी कानात बोलतं. तीच आता समुद्राखाली स्वतःचे कान उघडत अठरा मीटर उतरते. मी तुला डायव्हिंगचं कार्ड मिळाल्याचं शेजारच्या जोशीकाकूंना दोनदा सांगितलं. अभिमान आहेच. म्हणून तर हे लिहिते आहे.

एक गोष्ट मात्र नक्की विचारून घे. सेंटरवाले नायट्रोजनचा हिशेब ठेवायला मनगटावर बांधायला देतात तो कॉम्प्युटर रोज तोच असतो का? भाड्याचे कॉम्प्युटर आळीपाळीने फिरतात. काल तुझ्या हातावर होता तो आज कोलकात्याच्या कुणा पाहुण्याच्या हातावर असेल, आणि आज तुझ्या हातावर जो आहे त्याला तुझा कालचा नायट्रोजन ठाऊकच नाही. तो 'विमान चालेल' म्हणाला तर ते त्याच्या आठवणीपुरतं. लॉगबुकात सगळ्या डाइव्हची खोली, वेळ आणि वर आल्याची वेळ स्वतः लिहून ठेव, आणि तास मोजायचे ते शेवटच्या डाइव्हमधून पृष्ठभागावर आल्याच्या वेळेपासून, किनाऱ्याला लागल्यापासून नाही. आणि शुक्रवारची जागा खोल आहे असं तूच म्हणालीस. तुझं कार्ड अठरा मीटरपर्यंतचंच आहे. 'थोडं खाली जाऊ, मी आहे ना' असं कुणी म्हणालं तर नको म्हणायला लाजू नकोस.

आता वेळापत्रक बघ, कारण माझं मन तिथेच अडकतं. साडेतीनला तू पाण्याबाहेर, संध्याकाळची शेवटची बोट, मध्ये सूट धुणं, सामान भरणं, खोली सोडणं, दोन जड बॅगा जेटीपर्यंत. डाइव्हनंतर लगेच वजन उचललं, धावपळ केली, गरम पाण्याने कढत आंघोळ केली की बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. उन्हात दिवसभर पाणी कमी पडलं तर आणखी. रिसॉर्टच्या शेवटच्या रात्री लोक नेमकं उलटं करतात: उशिरा जागरण, बिअर, ताटभर खेकडे, सकाळी पोट बिघडलेलं, आणि तसेच समुद्रात. शिवाय वारा वाढला की बोटी रद्द होतात. ती एक बोट गेली तर शुक्रवारची रात्र हॅवलॉकला आणि शनिवारचं विमान हातचं गेलं. उलट विमानाची वेळ अलीकडे ओढली गेली तर साडेसोळाचे पंधरा. या हिशेबात ढिलाई ठेवायला जागाच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की शेवटची डाइव्ह उद्या, गुरुवारी कर. सकाळी दोन कर. दुपारी कर. शुक्रवारी पाण्यात जायचंच असेल तर स्नॉर्केल घालून राधानगरला नाहीतर एलिफंट बीचला तरंग. पृष्ठभागावर राहिलीस तर नायट्रोजनचा प्रश्न नाही. अगदीच मन राहवत नसेल, तर सकाळी सातला, एकच, बारा मीटरच्या आत, आणि नऊच्या आत वर. म्हणजे विमानापर्यंत तेवीस तास होतात, आणि बॅगा निखिलने उचलायच्या. पण मला विचारशील तर गुरुवारीच संपव.

आणि बाबा. ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. शुक्रवारी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर गाठलं तर सेल्युलर जेल बघून होईल. संध्याकाळी कोठड्यांचा भाग बंद होतो, मग फक्त ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम राहतो आणि त्यात ती कोठडी दिसत नाही. तात्याराव सावरकर 1911 मध्ये तिथे गेले, तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. बाबांनी या सहलीत मागितलं ते एवढंच. तुझी दुपारची डाइव्ह झाली तर ते 'पुढच्या वेळी' म्हणतील, हसतील, आणि गुडघे पुढच्या वेळी किती साथ देतील ते त्यांनाही माहीत आहे. हे मी तुला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. खरंच नाही. पण लिहिलं.

ओजसचा कान खाजतोय असं निखिल म्हणाला. बाहेरचा कान ओढल्यावर किंवा कानाच्या तोंडाशी असलेली छोटी कूर्चा दाबल्यावर दुखत असेल तर ते बहुधा पोहण्याच्या पाण्याने झालेलं असतं. काडी घालू नका, तेल नको. पोहणं बंद, कान कोरडा, आणि थेंब डॉक्टरांना दाखवूनच. नाक वाहत असेल तर विमान उतरायला लागल्यावर त्याला झोपू देऊ नका. उतरणं चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधीच सुरू होतं. तेव्हाच उठवून घोट घोट पाणी पाजा. चेन्नईला बदल आहे, म्हणजे हे दोनदा.

त्याने शंख-शिंपले जमवले असतील. समजावून तिथेच ठेवायला लावा. पोवळं तर मेलेलं, किनाऱ्यावर पडलेलंसुद्धा उचलायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं, आणि विमानतळावर बॅगा उघडून काढून घेतात. आठ वर्षांच्या मुलासमोर ते नको.

आता नको असलेला परिच्छेद, पण तो लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. वर आल्यावर पुढच्या चोवीस तासांत खांदा, कोपर किंवा गुडघा आतून ठणकला, हालचालीने कमी-जास्त न होता, कातडीवर लालसर-निळी जाळी उमटली, मुंग्या आल्या, चक्कर आली, लघवी होईना किंवा विनाकारण गळून गेल्यासारखं वाटलं, तर 'बॅग उचलल्याने दुखतंय' म्हणायचं नाही. अशा माणसांना दाबाखाली ऑक्सिजन देतात त्या चेंबरच्या वॉर्डात मी इतकी वर्षं काढली, उशीर होण्याचं कारण बहुतेक वेळा हे एकच वाक्य. आडवं पडायचं, मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन घ्यायचा. डाइव्ह सेंटरच्या बोटीवर सिलिंडर असतो, तो भरलेला आहे का ते उद्याच बघून ठेव. शुद्धीत असताना पाणी प्यायचं. पुन्हा पाण्यात उतरून बरं करायचा प्रयत्न कुणी सुचवला तर ऐकायचं नाही. ऑक्सिजनने दुखणं थांबलं तरी विमानात बसायचं नाही. पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात चेंबर आहे, तिथे जायचं. नेहमीचा उपचार पावणेपाच तासांचा असतो, अठरा मीटरच्या दाबाला नेऊन ऑक्सिजन देतात, मग हळूहळू वर आणतात. लवकर पोचलेला माणूस बहुधा स्वतःच्या पायांनी घरी जातो. तिकीट बुडालं तर बुडू दे. पैसे मी देईन, आणि तुझ्या ऑफिसला काय कळवायचं तेही मी बघेन.

पुन्हा व्याख्यान झालं. तू चाळिशीच्या उंबरठ्यावर आलीस, टीम सांभाळतेस, आणि मी तुला पाणी पी म्हणून सांगते. रागावू नकोस. आजींना एकटं सोडता येत नव्हतं म्हणून मी इथे राहिले, नाहीतर हे सगळं किनाऱ्यावर बसून दोन वाक्यांत सांगितलं असतं आणि तू 'हो गं' म्हटलं असतंस. लांबून लिहिलं की जास्त लिहिलं जातं. त्या दिवाळीनंतर आपण दोघींनी ठरवलं होतं ना, की मनात ठेवायचं नाही. ठेवलं नाही.

आजींनी तुझा पाण्याखालचा फोटो तीनदा मागून घेतला. तोंडातली ती नळी काय म्हणून विचारत होत्या. मी रेग्युलेटर म्हटलं, त्यांनी 'हुक्का' म्हटलं आणि तेच नक्की झालं. त्यांना सांगितलंय की तू माशांच्या शाळेत गेली होतीस आणि पास झालीस.

शनिवारी रात्री किती वाजता पोचाल ते कळव, ऐरोलीच्या पुलावर गर्दी असेल तर वेळ जातो. वरणभात, मेतकूट आणि तोंडलीची भाजी करून ठेवते. तिकडे आठवडाभर मासे झाल्यावर ओजसला तेच हवं असतं. बाबांच्या सकाळच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत, शनिवारी पहाटे घाईत राहतील, म्हणून शुक्रवारी रात्रीच त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेव. बोट हलली तर त्यांना मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसव, तिथे कमी डुलतं.

निखिलला आशीर्वाद, ओजसला पापा.

तुझी,
आई

ता. क. बोटीचं तिकीट शुक्रवार सकाळचं करून घे, आधी जे ठरलं होतं तेच. आणि गुरुवारची शेवटची डाइव्ह संपल्यावर वर आल्याची वेळ मला मेसेज कर. फक्त वेळ. बाकी काही लिहायला नको.