चीताला ‘उडती शवपेटी’ म्हणण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लष्कराचे चीता हेलिकॉप्टर कोसळले की वर्तमानपत्रांत दोन शब्दप्रयोग हमखास येतात: ‘उडती शवपेटी’ आणि ‘तांत्रिक बिघाड’. त्या वैमानिकाचे रोजचे काम काय होते, हे मात्र वाचकाला कळत नाही. ते कळावे म्हणून हे पत्र.

आधी यंत्राविषयी. चीता भंगार नाही. फ्रान्सच्या ‘लामा’ हेलिकॉप्टरची ती आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये (एचएएल) बांधलेली आवृत्ती, आणि लामा घडवले गेले तेच भारताची हिमालयातली गरज पाहून. सांगाडा लहान अलुएट-2 चा, त्यावर इंजिन आणि रोटर (डोक्यावरची फिरती पाती) मोठ्या अलुएट-3 चे, म्हणजे आपल्या चेतकचे. 1969 च्या चाचणीत दोन माणसे आणि 120 किलो इंधन घेऊन लामा हिमालयात 7,500 मीटरवर उतरले आणि तिथूनच पुन्हा उडाले. 1972 मध्ये फ्रेंच चाचणी वैमानिक जाँ बूले यांनी जास्तीचे सगळे सामान काढलेले लामा 12,442 मीटरवर नेले. वर इंजिन विझले, तरी नुसत्या फिरत्या पात्यांच्या आधाराने ते खाली सुखरूप आले. 13 एप्रिल 1984 ला कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी सियाचिनच्या बिलाफोंड ला खिंडीत उतरली ती चीतामधूनच.

तक्रार करायची तर ती या यंत्राच्या कुवतीच्या टोकावर आपण माणसांना किती वर्षे काम करायला लावले, याची करायला हवी.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे सव्वा किलो असते, 6,000 मीटरवर ते 660 ग्रॅमच्या आसपास येते. पात्यांना ढकलायला हवा निम्मी आणि इंजिनाला जाळायलाही तेवढीच. चीताचे कमाल उड्डाणवजन 1,950 किलो, पण त्या उंचीवर हा आकडा कागदावरच राहतो. टनभर वजनाचे यंत्र, जाड कपड्यांतले दोन वैमानिक, ऑक्सिजन, जाण्यायेण्यापुरते मोजून घेतलेले इंधन हे धरले की सियाचिनच्या सर्वांत वरच्या चौक्यांसाठी उरतो एक जेरीकॅन. 20 लिटर रॉकेल म्हणजे 16 किलो, वर डब्याचे वजन. चौकीतला स्टोव्ह त्यावर पेटतो, बर्फ वितळवून प्यायचे पाणीही त्यावरच होते. एवढ्यासाठी दोन अधिकारी जिवाची बाजी लावून वर जातात, आणि चौकीतली माणसे जगवायची तर पुन्हा पुन्हा जावे लागते.

ऊनही शत्रूच. तापमान एक अंशाने वाढले की हेलिकॉप्टरच्या दृष्टीने उंची सुमारे 120 फुटांनी वाढते. पहाटेपेक्षा दुपारी दहा अंश जास्त असले, तर तेच हेलिपॅड बाराशे फूट वर सरकल्यासारखे होते. म्हणून सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या फेऱ्या, उजाडतानाच सुरू करतात. उन्हाबरोबर दऱ्यांतले वारेही उठतात.

सर्वांत कठीण असते उतरणे. जमिनीलगत, रोटरच्या व्यासाएवढ्या म्हणजे अकरा मीटरच्या आत, खाली दाबलेल्या हवेची एक गादी मिळते आणि कमी शक्तीत तरंगता येते. त्याहून वर हॉवर करायला, म्हणजे एका जागी तरंगत राहायला, लागणारी शक्ती इंजिनात शिल्लक नसते. त्यामुळे हवेत थांबून, नीट बघून, हळूच टेकण्याची सोय नाही. आधी हेलिपॅडच्या उंचीवरून एक फेरी मारून किती शक्ती हाताशी आहे ते तपासायचे, वारा नाकावर घ्यायचा आणि वेग कमी करत थेट टेकायचे. परत फिरायचे असेल तर ते एका ठरावीक बिंदूच्या आधी. तो ओलांडला की उतरावेच लागते. शेवटच्या क्षणी खाली बसतोय असे वाटून कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) आणखी ओढला, तर पात्यांचा कोन वाढतो, इंजिन तो भार पेलत नाही, रोटरचे फेरे मंदावतात आणि हेलिकॉप्टर आणखी वेगाने खाली जाते. स्वाभाविकपणे जे करावेसे वाटते तेच इथे घातक ठरते. विरळ हवेत टेल रोटर, म्हणजे नाक सरळ ठेवणारा शेपटीवरचा छोटा पंखा, तोही दुबळा पडतो. त्याचे पेडल टोकापर्यंत दाबलेले असते, आणि तेवढ्यात बाजूचा वारा आला तर नाक फिरू लागते. ते रोखायला आणखी पेडल उरलेले नसते.

त्यात पात्यांच्या झोताने बर्फ उडतो आणि सगळे पांढरे होते. जमीन किती खाली आहे ते डोळ्यांना समजत नाही. अशा वेळी बर्फावर ठेवलेला एखादा गडद जेरीकॅनही आधार ठरतो, त्यावरची नजर हलवायची नाही. टेकल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण तिथे ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. पाती फिरत असतानाच डबा उतरवतात, आजारी जवान असेल तर त्याला आत घेतात आणि निघतात.

इंजिन एकच. ते बंद पडले तर कलेक्टिव्ह तत्क्षणी खाली सोडून रोटरचे फेरे राखायचे आणि उतरायला जागा शोधायची. हिमनदीवर ती जागा बहुधा भेगांनी फाटलेली असते. म्हणून चीता तिकडे जोडीने उडतात. एक खाली गेला, तर दुसऱ्याला ठिकाण तरी कळते.

ईशान्येच्या दऱ्यांत धोका वेगळा. तिथे ढग झपाट्याने दरी भरतात आणि चीतामध्ये ना ऑटोपायलट आहे, ना हवामान रडार, ना डोंगर जवळ आल्याची सूचना देणारी यंत्रणा. 16 मार्च 2023 ला अरुणाचलात मंडालाजवळ लेफ्टनंट कर्नल व्ही. व्ही. बी. रेड्डी आणि मेजर जयंत ए. गेले. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये तवांगजवळ लेफ्टनंट कर्नल सौरभ यादव. ही नावे आपल्या वाचकांपैकी कितीजणांना आठवतात?

2015 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी चेतक आणि चीता थांबवा, अशी मागणी घेऊन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे गेल्या होत्या. चीताची जागा घेण्यासाठी एचएएलने बांधलेल्या हलक्या हेलिकॉप्टरला हवाई दलासाठी फेब्रुवारी 2020 मध्ये आणि लष्करासाठी फेब्रुवारी 2021 मध्ये प्राथमिक मान्यता मिळाली. त्यानंतरही चीताचे वैमानिक वजनाचा तोच हिशेब करत उडत राहिले. या विलंबाची बातमी पहिल्या पानावर यावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

आपल्याला विनंती एवढीच. अपघाताच्या बातमीत ठिकाणाची उंची, त्या वेळचे तापमान, हेलिकॉप्टर चढत होते की उतरत होते, आत किती भार होता, ते जोडीने होते की एकटे, हे विचारून छापा. चौकशी पूर्ण होईपर्यंत ‘तांत्रिक बिघाड’ही लिहू नका आणि ‘वैमानिकाची चूक’ तर नकोच. त्याची बाजू मांडायला तो हयात नसतो. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक ज्या शाळेत तयार होतात ती नाशिक रोडच्या गांधीनगरला आहे. आपल्या प्रतिनिधीला वर चढवलेल्या डब्याचा हिशेब समजून घ्यायचा असेल, तर लष्कराच्या रीतसर परवानगीने तिथे विचारता येईल.

आपले,
हेलिकॉप्टर उड्डाण व देखभाल क्षेत्रातील काही निवृत्त वाचक, नाशिक