मेडिकलवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. माझंही लिहीत नाही. लातूर केवढंसं, आणि आमच्या गावाकडं बातमी एसटीच्या आधी पोचते.

मागच्या उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ बांधून रात्री मी तुमच्या काउंटरपाशी आले, तेव्हा आधीच तीन दुकानं फिरून झाली होती. पहिल्यात गर्दी बघून डोकेदुखीची गोळी घेतली. दुसऱ्यात ओआरएसचं पाकीट. तिसऱ्यात कसाबसा शब्द तोंडातून निघाला, तर माणूस म्हणाला, "लग्न झालंय का? डॉक्टरची चिठ्ठी आण." संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ही गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, हे मला फार नंतर कळलं. मी त्याला चक्क सॉरी म्हणाले! निरोध फाटला त्याची लाज मलाच. माझा मित्र, ज्याच्यासोबत होते तो, बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघत होता.

तुम्ही दुसरं गिऱ्हाईक जाऊ दिलंत आणि हळूच म्हणालात, "लाजायलीस कामून? किती तास झाले तेवढं सांग."

बस्स, एवढंच विचारलंत. कोण, कुठला, घरी माहितीये का, काही नाही.

एकतीस तास झाले होते. ७२ तासांच्या आत घ्यायची, पण जितकी लवकर तितकी बरी, असं तुम्ही सांगितलंत. मी आख्खा दिवस मेडिकलांच्या पाट्या वाचण्यात घालवला होता.

पाण्याची बाटली पुढं केलीत. दोन तासांत उलटी झाली तर परत ये म्हणालात. ही गर्भपाताची गोळी नव्हे, राहिलेला गर्भ हिनं पडत नाही, हेही सांगितलंत. रूमवर आम्ही सगळ्या तसंच समजत होतो. आणि पाकिटाच्या मागं बॉलपेननं तारीख लिहून दिलीत: पाळी आठवडाभर लांबली तर सकाळच्या लघवीची टेस्ट. ते पाकीट मी चालू घडामोडींच्या वहीत लपवलं होतं.

दरवेळी ही गोळी खायची नाही, असं दटावलंत तेव्हा सरकारी दवाखान्यात गर्भ राहू नये म्हणून छाया आणि माला या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन फुकट मिळतात हे कळलं. काय नावं ठेवलीत बघा! छाया तर माझी मावशी. घरातल्या लेकींची नावं, आणि तीच काउंटरवर उच्चारायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. छाया आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. आजारांपासून वाचायला निरोध तरीही लागतोच, हे तुम्ही बोटं मोजून सांगितलंत, खोकल्याचं औषध समजावतात तसं.

दिवाळीत गंजगोलाईत आई आणि मी बांगड्या घेत होतो. तुम्ही शेजारीच आलात. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आईकडं बघितलंत, आणि दुकानदाराला विचारलंत, "हिरव्या कशा डझन?"

त्याचेही आभार, ताई.