उशाला पाय, पायथ्याला डोकं

गावभाग, सांगली

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फ्रेंचच्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. बाईंनी लाल पेनानं ज्या शब्दाभोवती गोल काढलाय तो ‘तेत-बेश’ पाहिला आणि मला एकटीलाच हसू आलं. तू लिहितेस, इंग्रजी डिक्शनरीत बघितलं तर पोस्टाची तिकिटं, फ्रेंच डिक्शनरीत बघितलं तर झोपणं, ह्या दोन्हींचा काय संबंध? शिवाय शेवटी एस लावला तर तोही खोडला. फोनवर सांगायला घेतलं असतं, पण तुझी रूममेट अभ्यास करते म्हणून तू कुजबुजत बोलणार आणि बाबा मागून ‘बिल किती झालं’ विचारणार. टपालखात्यात उभा जन्म गेलेल्या बाईनं असल्या गोष्टी पत्रातच लिहाव्यात. तू पहिल्या वर्षाची पुस्तकं इथंच टाकून गेलीस, ती मी दुपारी वाचते हे तुला ठाऊक आहे. हसू नकोस.

तिकिटांपासून सुरुवात करते, कारण हा शब्द मला काउंटरच्या आतल्या बाजूला भेटला. नवं तिकीट निघालं की एक निवृत्त मास्तर हटकून यायचे. सेटेनंट आलंय का, म्हणून विचारायचे. सेटेनंट म्हणजे वेगवेगळ्या चित्रांची पण एकमेकांना चिकटलेली तिकिटं. त्यांनीच एकदा रांग थांबवून तेत-बेश समजावला. मागची माणसं वैतागली होती, मला मात्र आवडलं. तिकिटांचा ताव असतो, त्यात सगळी डोकी एका दिशेला. त्यातलं एखादं शेजारच्या तिकिटाच्या मानानं डोकं खाली करून छापलं गेलं आणि ती दोन तिकिटं फाडून वेगळी केली नाहीत, तर ती जोडी तेत-बेश. फाडली की खेळ खलास. सुटी झालेली दोन्ही तिकिटं अगदी चारचौघांसारखी, त्यातलं उलटं कोणतं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

याचं नावाजलेलं उदाहरण फ्रान्सचंच आहे. त्यांची पहिली तिकिटं १ जानेवारी १८४९ ला निघाली. त्यावर सेरेस नावाची धान्याची देवी, चित्र झाक-झाक बार या कोरीवकाम करणाऱ्याचं. तेव्हा छपाईची पाटी म्हणजे एकेका तिकिटाचा वेगळा धातूचा ठसा ओळीनं बसवून आवळलेली चौकट. ठसे बसवणाऱ्याच्या हातून एखादा उलटा बसला की प्रत्येक तावावर त्या जागी देवी शीर्षासन करणार. त्यातली शेंदरी रंगाच्या एक फ्रँकच्या तिकिटाची उलटसुलट जोडी म्हणजे संग्राहकांचा जीव की प्राण.

पुढं मुद्दामही असं छापू लागले. तिकिटांच्या छोट्या पुस्तिका करायच्या तर शिवायला कोरी कड लागते. ती नीट बेतता यावी म्हणून तावातला काही भाग उलटा छापायचे. तीही जोडी तेत-बेशच, फक्त तिची किंमत कमी. चुकून झालेल्याला मोल जास्त आणि ठरवून केलेल्याला कमी, हा संग्राहकांचा न्याय मला कधी पटला नाही, पण असो.

एक घोटाळा टाळ. १८५४ चं आपल्याकडचं चार आण्यांचं तिकीट आहे, लाल चौकट आणि आत निळी व्हिक्टोरिया राणी. कलकत्त्यात दोन रंगांत दोनदा छापायचे, त्यात काहींवर राणीचं डोकं खाली आलं. ते फार दुर्मीळ आहे, पण ते तेत-बेश नव्हे. तिथं एकाच तिकिटाच्या पोटात गडबड आहे. तेत-बेशला दोघं लागतात आणि दोघंही आपापल्या जागी बिनचूक असतात. बाईंनी वर्गात विचारलं तर हे सांग.

आता झोपण्याकडे येते. हा शब्द मुळात तिकिटांचा नाहीच, माणसांच्या अंगाचा आहे. ‘दोर्मीर तेत-बेश’ म्हणजे एकाचं डोकं जिकडे, दुसऱ्याचे पाय तिकडे, असं झोपणं. २०१९ चा पूर आठवतोय ना? ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात चढलं आणि आपण विश्रामबागेत काकूकडे गेलो. तिच्या दोन खोल्या, त्यात आपण, मामाचं घर, शिवाय शेजारच्या आजी. पहिल्या रात्री सगळ्यांनी भिंतीकडे उसं केलं आणि खांद्याला खांदे अडकले, कुणाला कूस वळता येईना. मग आजींनी फर्मान काढलं, एकाआड एक फिरून झोपा. खांदे रुंद, पाय निमुळते, त्यामुळे तेवढ्याच सतरंजीवर सगळे मावले. तुझ्या नाकाशी मामाचे पाय आल्यामुळे तू रात्रभर कुरकुरत होतीस. ते सगळं तेत-बेश होतं बाई. फ्रेंच लोक बाटल्याही अशाच लावतात. बूड रुंद, मान बारीक, म्हणून एकीची मान दुसरीच्या बुडाशी.

शब्द कसा झाला ते मला जास्त गमतीचं वाटतं. ‘तेत’ म्हणजे डोकं. त्यातल्या ई वर टोपी आहे ना, ती टोपी म्हणजे गळून गेलेल्या एसचं थडगं. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘तेस्त’ होता, लॅटिनमधल्या ‘तेस्ता’वरून आलेला, आणि तेस्ता म्हणजे मातीचं भांडं किंवा खापर. रोमन शिपायांनी किंवा कुणी टवाळांनी डोक्याला मडकं म्हणायला सुरुवात केली असणार आणि तेच रूढ झालं. तुझे आजोबा बाबांना गणितं शिकवताना ‘मडक्यात काही शिरतंय का’ विचारायचे, ते अगदी लॅटिन वळणाचं होतं म्हणायचं! टोपीची ही खूण ध्यानात ठेव, कारण फ्रेंचांनी गाळलेला एस इंग्रजांनी बऱ्याच ठिकाणी जपून ठेवलाय. फ्रेंच ‘फोरे’, ‘ओपिताल’, ‘फेत’, ‘बेत’ आणि इंग्रजी फॉरेस्ट, हॉस्पिटल, फीस्ट, बीस्ट. टोपी दिसली की तिथं एस घालून बघ, निम्मे शब्द ओळखीचे निघतील.

‘बेश’चं मात्र फसवं आहे. तू डिक्शनरीत बेश शोधलास तर फावड्यासारखं मातीकामाचं हत्यार सापडेल. त्याचा इथं काही संबंध नाही. हा बेश म्हणजे ‘बेशवे’ या जुन्या शब्दाचा तुटलेला तुकडा. बे म्हणजे दोन आणि ‘शवे’ म्हणजे अंथरुणाची डोक्याकडची बाजू. आपलं उसं! तुझ्याच पुस्तकात ‘ताब्ल द शवे’ आहे, उशाशी ठेवायचं टेबल. ‘लिव्र द शवे’ म्हणजे सदा उशाशी असणारं पुस्तक. तर बेशवे म्हणजे दोन्हीकडे उसं असलेलं, दुउशी. पुढं लोकांना त्याचा अर्थ कळेनासा झाला, म्हणून स्पष्ट व्हावं यासाठी आधी आणखी एक ‘तेत’ जोडला. म्हणजे आपल्या गाईच्या गोमूत्रासारखं झालं की. डोकं आधीच आत होतं, वरून पुन्हा डोकं. पण बघ, उसं आणि पायथा ही जोडी ज्या भाषेत घरोघर आहे त्या भाषेतल्या पोरीला हा शब्द पाठ करायला लागू नये. इंग्रजीत हेड टू टेल म्हणून घोकशील तर शेपूट डोळ्यांसमोर येईल आणि माणसं निसटतील.

आता तुझ्या एसचं. वाक्यात तिकिटं अनेक होती म्हणून तू एस लावलास, हे मला कळलं. त्यात मराठीच्या सवयीचा हात आहे. अंग कसं ठेवलंय हे सांगणारे आपले शब्द लिंग-वचन बघून बदलतात. तो पालथा झोपला, ती पालथी झोपली, बाळ उताणं पडलं, पोरं उताणी पडली. तो उभा, ती उभी, ते उभे. दुसरीकडे हातोहात, पाठोपाठ, कानोकानी ही क्रियाविशेषणं, ती जागची हलत नाहीत. आंबे हातोहात संपले, करंज्याही हातोहात संपल्या. तेत-बेश या दुसऱ्या जातीतला. एक तिकीट असो की शंभर, बाई असो की पुरुष, तो तसाच राहणार.

यातच एक खाचखळगा आहे, तो तुझ्या पुस्तकात वाचून मी दोनदा थबकले. फ्रेंचमध्ये उभं असणं म्हणजे ‘दबू’, आणि तेही क्रियाविशेषणच, म्हणून कधीच बदलत नाही. बायका उभ्या असोत की गडी, सगळे दबू. (आपण दबून वाकतो, हे दबू म्हणत ताठ उभे राहतात!) गुडघ्यांवर बसणं, ‘आ झनू’, तेही तसंच अचल. पण बसलेली म्हणायचं असेल तर शब्द बदलतो. तो ‘आसी’, ती ‘आसीझ’. आडवी झालेली म्हणायचं तर ‘कुशे’, तिथं उच्चार तोच राहतो पण बाई असेल तर लिहिताना शेवटी आणखी एक ई येतो. म्हणजे उभी राहिलीस तर शब्द ढिम्म, बसलीस किंवा लवंडलीस की तो तुझ्यासाठी बदलणार. कारण साधं आहे, बसणं आणि लवंडणं यांचे शब्द क्रियापदापासून निघालेले आहेत आणि विशेषणासारखे वागतात, दबू तसा नाही. हे चार शब्द एका पानावर लिहून ठेव. परीक्षेत नेमके हेच येतात.

राहिलं इंग्रजीचं. इंग्रजांनी फ्रेंचकडून हा शब्द उचलला तो मुख्यतः तिकिटांसाठी. तिकीटसंग्रहाचं वेड पॅरिसमध्ये फार जोरात होतं. ‘फिलातेली’ हा शब्दसुद्धा जॉर्ज एर्पां नावाच्या एका फ्रेंच संग्राहकानं १८६४ मध्ये ग्रीक शब्द जोडून तयार केला. त्यामुळे त्या छंदाची कितीतरी भाषा फ्रेंचच राहिली, सेटेनंट हाही त्यातलाच. फ्रेंचमध्ये जे क्रियाविशेषण आहे ते इंग्रजीत गेल्यावर बहुधा विशेषण होतं, जोडी या शब्दाच्या आधी बसतं. पुस्तकांतही वापरतात. एका बाजूनं एक कादंबरी, पुस्तक उलटं फिरवलं की दुसरी, अशी दोन तोंडांची पुस्तकं अमेरिकेत एस बुक्स (Ace Books) या प्रकाशनानं १९५२ पासून काढली, त्यांनाही तेत-बेश म्हणतात. पण एका गादीवर उलटसुलट झोपलेल्या पोरांसाठी इंग्रजांचा स्वतःचा घरगुती शब्द आहे, टॉप अँड टेल. तिथं तेत-बेश घातलास तर वाचणारा म्हणेल पोरगी फार शिकली.

असे अंगाचे आणखी दोन शब्द इंग्रजीत जाऊन बसलेत. ‘तेत-आ-तेत’, डोक्याला डोकं लावून दोघांनीच केलेल्या गप्पा. आणि ‘विझ-आ-वी’. त्यातला ‘वी’ हा चेहऱ्यासाठीचा जुना शब्द, म्हणजे समोरासमोर. आमच्या खात्यातल्या परिपत्रकांत हा शब्द इतका असायचा की समोरासमोर कुणी कधी बसायचंच नाही, नुसते कागद फिरायचे. फ्रेंचमध्ये तो ‘च्या बाबतीत’ या अर्थानंही चालतो, पण समोरच्या घरातल्या शेजाऱ्यालाही तोच शब्द लावतात, हे इंग्रजीवाल्यांना माहीत नसतं.

शनिवारी पार्सल टाकते आहे. त्यात भडंग, तासगावचे बेदाणे आणि वर्षाची हळद आहे. हळद खोलीत उघडी ठेवू नकोस, मागच्या वेळी सगळ्या चादरी पिवळ्या केल्यास. पार्सलवर मी मुद्दाम तिकिटं लावणार आहे, ती कापून ठेव. कागदासकट काप, सोलू नकोस. बाबांचा गुडघा आता बरा आहे, जिना अजून एकेक पायरी करत उतरतात. परीक्षेचा फॉर्म भरलास का, ते कळव.

तुझी,
आई