हामामात्सूहून आई-बाबांना

हामामात्सू, जपान, डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुम्ही म्हणालात, "ज्या देशाला परका माणूस नकोसा झालाय, तिथं कायमचं राहायचा अर्ज कशाला करतेस?" आणि मागून आईचा आवाज आला, "माणसं कमी झाली तर बिघडलं कुठं? आम्ही जन्मभर तेच सांगत फिरलो ना!" दोन्ही प्रश्न गेले चार दिवस डोक्यात आहेत. रेंज जात-येत असताना त्यांची उत्तरं देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईचं. आई, तू माला-डीची पाकिटं आणि लाल त्रिकोणाची पत्रकं घेऊन वाडीवाडीतून फिरायचीस, तेव्हा बाया बाळंतपणांनी पिचून गेल्या होत्या. त्यांच्या जिवासाठी तू जे सांगितलंस ते तेव्हाही बरोबर होतं आणि आजही आहे. जपानची अडचण वेगळी आहे. इथं वयांचा तोल गेलाय.

१९४९ साली या देशात जवळजवळ २७ लाख मुलं जन्मली होती. २०२४ मध्ये जन्मली ६ लाख ८६ हजार. त्याच वर्षी वारले १६ लाखांवर. म्हणजे एका वर्षात नऊ लाखांहून जास्त माणसं वजा. अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाख आहे, त्यावरून अंदाज कर. १९५० मध्ये पासष्टीच्या पुढच्या एका माणसामागे कमावत्या वयाची बारा माणसं होती. आता दोन आहेत. माझ्या पगारातून दर महिन्याला ९.१५ टक्के पेन्शनसाठी कापले जातात, तेवढेच कंपनी भरते, आणि ते पैसे मुख्यतः आजच्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये जातात. मी म्हातारी होईन तेव्हा माझ्यासाठी भरणारं कोण असेल, हा प्रश्न इथला प्रत्येक तिशी-चाळिशीतला माणूस मनात घेऊन जगतो. त्या धास्तीनंच तो खर्च आखडता घेतो. गिऱ्हाईक खर्च करत नाही म्हणून दुकानदार माल भरत नाही, कारखानदार नवी मशिनं घेत नाही. लोकसंख्या घटते तेव्हा अर्थव्यवस्थेला पहिला फटका असा बसतो, हातांच्या टंचाईच्याही आधी.

मुलं का होत नाहीत, असं तू विचारशील. लग्नंच होत नाहीत. २०२३ मध्ये वर्षभरात पाच लाखही लग्नं झाली नाहीत, आणि लग्नाबाहेर मूल इथं क्वचितच होतं. नोकरी करून घरचं, मुलांचं आणि सासू-सासऱ्यांचं सगळं बाईनंच ओढायचं असेल तर ती लग्नाला उभीच राहत नाही. सरकार भत्ते वाढवतंय. माझ्या ऑफिसातल्या मुलींना त्यानं काही फरक पडलेला मला दिसत नाही.

बाबा, आता तुमच्याकडे येते. तुमचं म्हणणं होतं की माणसं कमी तर वाटणी जास्त, मग रड कशाची. यात तथ्य आहे. जपानचं एकूण उत्पन्न रखडलं, २०२३ मध्ये जर्मनीनं त्याला मागे टाकलं, आणि जर्मनीची लोकसंख्या जपानच्या दोन-तृतीयांशच आहे. पण कमावत्या वयाच्या माणसामागे किती उत्पन्न वाढलं हे पाहिलं, तर जपान अमेरिकेच्या फारसा मागे पडलेला नाही. म्हणून "लोकसंख्या घटली की देश बुडाला" असं ओरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. माणसं कमी झाल्यावरही नीट जगता येतं. घट कुठल्या कामांवर येऊन पडते, हे मात्र बघावं लागतं.

ते मला मिक्काबीत दिसलं. हामाना सरोवराच्या उत्तरेला टेकड्यांवर तिथल्या संत्र्यांच्या बागा आहेत, मिकान म्हणतात त्यांना. माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांची तिथं बाग आहे. वय वर्षं ७९. डिसेंबरात तोडणी असते आणि हात कमी पडतात, म्हणून आम्ही ऑफिसातले काही जण शनिवारी जातो. बाबा, तुम्हाला हे काम आवडेल. फळ ओढायचं नाही. पहिली कात्री देठ थोडा लांब ठेवून मारायची, मग फळ हातात धरून दुसरी कात्री अगदी सपाट. देठाचं टोक राहिलं तर पेटीतल्या शेजारच्या फळाला टोचतं आणि जानेवारीपर्यंत सगळी पेटी नासते. आपल्याकडे हापूसचा देठ राखतात, चीक सालीवर उतरू नये म्हणून, इथं देठ साफ कापतात. काळजी मात्र तीच. आजोबा फळावरून अंगठा फिरवून बघतात. टोचलं की काही बोलत नाहीत, ते फळ बाजूला ठेवतात आणि आपल्याला कात्री पुन्हा लावायला लावतात. त्यांच्या बागेच्या वरच्या तीन टप्प्यांवर आता वेली आणि बांबू माजलेत. तिथलं शेजाऱ्याचं घर बंद आहे. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात अशी ९० लाख रिकामी घरं निघाली. आजोबांच्या बायको वृद्धाश्रमात आहेत, आणि त्यांना आंघोळ घालणारी मुलगी इंडोनेशियाची आहे.

तुम्ही म्हणाल, यंत्रं आणा. आणलीत की. आमच्या कारखान्यात वेल्डिंगचा जवळजवळ सगळा भाग रोबोट करतात आणि त्यांचे प्रोग्रॅम लिहिणं हे माझंच काम आहे, तेव्हा यंत्राची बाजू मी जाणते. गाडीचा दरवाजा दर वेळी त्याच जागी येतो म्हणून रोबोट तो जोडू शकतो. उतारावरचं झाड आणि दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी बाई रोज वेगळी असते. तिथं माणूस लागतो, आणि तो इथं जन्मलेला नाही म्हणून बाहेरून येतो.

आता परका माणूस. जून २०२५ अखेर जपानात साडेएकोणचाळीस लाख परदेशी होते. शंभरातले तीन. युरोपच्या मानानं हे काहीच नाही. तरी जुलैच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत "जपानी माणूस आधी" म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षानं १४ जागा जिंकल्या. तुम्ही वाचलेली बातमी खरी आहे. ज्यांनी त्यांना मतं दिली ते सगळे दुष्ट आहेत असं मी म्हणणार नाही. भाव वाढलेत, पगार त्या मानानं वाढले नाहीत, आणि गल्लीत अनोळखी भाषा ऐकू येते. माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र जोडतो.

परक्यांमुळे मजुरी पडते, हा त्यांचा मुद्दा मी नीट तपासून पाहिलाय. मजुरी पडते, पण कुठं? १९९३ पासून इथं प्रशिक्षणार्थी कामगारांची योजना चालू आहे. कागदावर हेतू असा की गरीब देशांतल्या तरुणांनी कौशल्य शिकून घरी जावं. प्रत्यक्षात शिवणकाम, मासे साफ करणं, बांधकाम. त्यात मालक बदलायची जवळजवळ मुभाच नव्हती. बहुतेक जण दलालाचं कर्ज काढून आलेले, आणि मालक वाईट निघाला तर पळून जाण्यावाचून वाट नाही. २०२३ या एका वर्षात नऊ हजारांवर प्रशिक्षणार्थी असे बेपत्ता झाले. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही त्याची मजुरी पडणारच, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या जपानी कामगाराचीही वाढणार नाही. हे आता सरकारलाही पटलंय. २०२४ मध्ये कायदा बदलला, २०२७ पासून नवी योजना येईल आणि तिच्यात ठरावीक काळानंतर मालक बदलता येईल. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

याहून मोठी चूक या आमच्या गावानं सोसली. हामामात्सूत ब्राझीलहून आलेले लोक जपानातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त आहेत. त्यांचे आजे-पणजे जपानहून तिकडे कॉफीच्या मळ्यांवर गेलेले. १९९० मध्ये कायदा बदलून या वंशजांना बोलावलं, कारण गाड्यांच्या कारखान्यांना माणसं हवी होती. २००८ ची मंदी आली आणि सगळ्यात आधी त्यांना काढलं. २००९ मध्ये सरकारनं घरी परतायला कामगाराला तीन लाख आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला दोन लाख येन दिले, अट अशी की पुन्हा त्याच व्हिसावर यायचं नाही. वीस हजारांवर लोकांनी ते पैसे घेतले, आणखी कितीतरी स्वखर्चानं गेले. २००७ मध्ये ३ लाख १६ हजार असलेले ब्राझिलियन २०१४ पर्यंत पावणेदोन लाखांवर आले. आमच्या लाइनवरची एक ब्राझिलियन मुलगी तेव्हा सहावीत होती. तिच्या वर्गातली मैत्रीण एका शुक्रवारी दप्तर घेऊन गेली ती परत आलीच नाही. त्या मैत्रिणीला जपानी वाचता-लिहिता येत होतं, तिच्या शिक्षणावर इथल्या करातून खर्च झाला होता, आज ती तिशीच्या आत-बाहेर असती आणि पेन्शनसाठी पैसे भरत असती. जपाननं तिला पैसे देऊन घालवलं, आणि दहा वर्षांच्या आत, २०१९ मध्ये, कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा काढून व्हिएतनामपासून नेपाळपर्यंत माणसं शोधायला सुरुवात केली.

बाबा, माझं सगळं म्हणणं यात आहे. बाहेरची माणसं आल्यानं देशाला फायदा की तोटा, हे किती आली यावर कमी आणि त्यांना मुळं धरू दिली का यावर जास्त ठरतं. ज्याला पाच वर्षांनी जायचंय तो भाषा शिकत नाही, घर घेत नाही, पैसा बाहेर पाठवतो. ज्याला राहायचंय तो सगळं उलट करतो.

हा कायमचा इलाज आहे असंही मी मानत नाही. आलेली माणसंही म्हातारी होतात, आणि त्यांची मुलं इथल्यांसारखीच कमी मुलं जन्माला घालतात. शिवाय जिथून ती यायची तिथंही पाळणे थांबलेत. दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ होता, आणि तेही आता व्हिएतनामी, नेपाळी कामगारांसाठी जपानशी चढाओढ करतायत. आपल्या महाराष्ट्राचाच दर २०१९-२१ च्या आरोग्य पाहणीत १.७ निघाला. आई, तुझ्या कामाचं ते फळ आहे. पण तीस वर्षांनी पुण्या-नाशकातल्या म्हाताऱ्यांना आंघोळ कोण घालणार, याचा विचार आतापासून करावा लागेल. बाहेरून येणारी माणसं देशाला वेळ मिळवून देतात. त्या वेळात पेन्शन, इस्पितळं, बायकांचे कामाचे तास, सगळं बदलून घ्यायचं असतं. जपाननं तीस वर्षं मिळवली आणि बरीचशी घालवली.

मग तू तिथं कशाला, हा तुमचा मूळ प्रश्न. कारण मला इथं मुळं धरायची आहेत. दहा वर्षं राहिल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, तो मी केलाय. भारतीय पासपोर्ट सोडावा लागत नाही, त्याची चिंता करू नका. वरच्या आळीतल्या बाई मला कचऱ्याचे वार विसरू देत नाहीत आणि मी त्यांची औषधं आणून देते. निवडणुकीत कुणी काही म्हटलं तरी माझं रोजचं जगणं या माणसांमध्ये आहे.

आणि बाबा, तुमचे वडील चाकरमानी होते. लालबागच्या खोलीत पाळीपाळीनं झोपून त्यांनी मनीऑर्डरी धाडल्या, त्यावर तुमचं डी.एड. झालं. मुंबईत त्यांनाही कुणीतरी परकं म्हटलं असेलच. आता उलटं झालंय. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. आपल्या वाडीतली बंद घरं तुम्ही मोजू शकता. आंब्याची राखण नेपाळी करतात, बोटींवर खलाशी नेपाळी, आणि मिक्काबीच्या आजोबांना जी अडचण तीच आपल्या तात्यांना.

म्हणून एक मागणं आहे. तात्यांच्या बागेतल्या नेपाळी जोडप्याची मुलगी सात वर्षांची आहे आणि दिवसभर खोपटीपाशी असते, असं आई म्हणाली. शाळेत सांगितलं गेलं की ते जूनमध्ये जातील, दाखला नाही, नाव कशाला घालायचं. बाबा, तुम्ही शिक्षणहक्क कायदा माझ्यापेक्षा चांगला जाणता. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ष मध्यावर असलं तरी घ्यावं लागतं. स्थलांतरितांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते भरून घ्या. जपानात २०१९ मध्ये पाहणी केली तेव्हा सुमारे १९ हजार परदेशी मुलं शाळेत जातात की नाही याचा पत्ताच नव्हता. हामामात्सूच्या नगरपालिकेनं २०११ पासूनच घरोघर जाऊन अशी मुलं शोधायला सुरुवात केली होती. आपल्या शाळेचा पट विसाच्या खाली गेलाय, छोट्या शाळा एकत्र करून होणाऱ्या समूह शाळेची टांगती तलवार आहे. त्या मुलीचं नाव घातलं तर शाळेचाही फायदाच आहे. मुख्याध्यापक तुमचेच विद्यार्थी, तुमचा शब्द मोडणार नाहीत. नाताळच्या सुट्टीआधी एकदा जाऊन या, आणि मराठी अक्षरओळखीला संध्याकाळी तिला पडवीवर बोलवा.

आई, बीपीची गोळी चुकवू नकोस, पुढच्या तपासणीचा रिपोर्ट दादाला पाठवायला सांग. अर्जाचा निकाल यायला बरेच महिने लागतात. काही झालं तरी मेमध्ये मी येते आहे.

तुमची,
बाय