रियाज हाताचा किती, तोंडाचा किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षेचा निकाल लागला किंवा एखाद्या मुलाने स्पर्धेत पहिले बक्षीस पटकावले की वर्तमानपत्रात कौतुकाची चौकट येते आणि तिच्यात एक वाक्य हमखास असते : रोज सहा तास रियाज, सुट्टीत आठ तास. मुलाचे कौतुक व्हायलाच हवे. पण ते वाक्य वाचून बाकीचे पालक घड्याळ लावून बसतात आणि मुलेही तास मोजू लागतात. त्या तासांत वाजवले काय, हे कोणी विचारत नाही. आम्ही तबला शिकवतो, म्हणून तबल्यापुरतेच बोलतो.

तबल्याचा नाद लागलेल्या मुलाचे हात सतत शिवशिवत असतात. शाळेचा बाक, जेवणाचे ताट, स्वतःची मांडी, गाडीवर पुढे बसलेल्या बाबांची पाठ, काहीही चालते. ही ओढ हवीच. ती नसेल तर एकच पलटा (मूळ बोल फिरवून केलेली रचना) दोनशे वेळा कोण वाजवेल? अडचण ओढीची नाही, ती खर्च कुठे होते याची आहे. बहुतेक वेळा ती आधीच येणाऱ्या बोलांवर आणि तेही द्रुत लयीत खर्च होते. तिथे कानाला गोड लागते, घरचे माना डोलावतात. न येणारी जागा ठाय, म्हणजे संथ, लयीत धरून बसायला कोणाचे हात शिवशिवत नाहीत.

बाकावरच्या वाजवण्याचे आधी सांगतो, कारण ते निरुपद्रवी समजले जाते. तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोल थराच्या) कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर (कडेच्या चामडी पट्टीवर) पडून लगेच उठते. अनामिका जड झाली तर आस (नादाची लांबण) मरते, ती सुटली तर ‘ना’चा टोकदारपणा जाऊन नुसता घुमारा उरतो. बाकावर शाई नाही, लव (शाई आणि चाट यांमधला भाग) नाही, चाट नाही, त्यामुळे अनामिका कुठेही पडली तरी आवाज तोच. चूक सांगणारा कानच तिथे बंद असतो. शिवाय पुडी (तबल्याच्या तोंडावरचे चामडे) बोटाला वर फेकते, लाकूड फेकत नाही. बोट उचलण्याचे सगळे काम मनगटामागच्या स्नायूंवर येते, मनगट हळूहळू गोठते आणि नुसती बोटे टकटक करू लागतात. असा बसलेला हात सोडवायला महिने लागतात.

आता थोडा हिशेब. ‘तिरकिट’मध्ये उजव्या हाताचे तीन आघात असतात, ‘कि’ डाव्याचा. मिनिटाला 80 मात्रांची लय धरून दर मात्रेला एक तिरकिट वाजवला तर उजव्याचे मिनिटाला 240 आघात होतात, दहा मिनिटांत 2,400, तासाला 14,400. अंगठा ताठ वर उभा असेल, खांदा कानाकडे चढलेला असेल किंवा बोट पडल्यावर पुडीवर दाबून राहत असेल, तर ही चूक तासाला तेवढ्याच वेळा पक्की होते. हाताला चूक-बरोबर कळत नाही. जे वारंवार होईल ते तो शिकतो.

उदाहरण म्हणून दिल्ली बाजाचा (वादनशैलीचा) सगळ्यांना माहीत असलेला कायदा, म्हणजे पलटे करता येतील अशी ठरावीक बोलरचना, घ्या : धा ती ट धा, ती ट धा धा, ती ट धा गे, ती ना कि ना. सोळा अक्षरे, मात्रेला चार या हिशेबाने चार मात्रा. खाली (तेच बोल ‘धा’ऐवजी ‘ता’ने वाजवायचा दुसरा भाग) धरून पुरा कायदा आठ मात्रांचा, म्हणजे तीनतालाच्या एका आवर्तनात (सोळा मात्रांच्या फेरीत) दोनदा बसतो. मिनिटाला 50 मात्रांवर हा बहुतेकांना स्वच्छ वाजवता येतो. 90 च्या पुढे गेले की तीन ठिकाणी पडझड सुरू होते. पहिले ठिकाण ‘तीट’मधला ‘ट’ : मधल्या बोटाचा ‘ती’ ऐकू येतो, पण तर्जनी नुसती शाईला चाटून जाते. दुसरे ‘धागे’ : डग्ग्यावरचे, म्हणजे डाव्या हाताचे, मनगट वेळेत सुटत नाही आणि ‘गे’चा ‘के’ होतो. तिसरे ठिकाण सर्वांत वाईट, कारण वाजवणाऱ्याला ते कळतच नाही. खालीमध्ये ‘ता’ला डावा हात गप्प राहायला हवा, पण भरीची (घुमाऱ्यासह वाजणाऱ्या पहिल्या भागाची) सवय लागलेला डावा तिथेही घुमारा देतो. मग भरी आणि खाली सारखीच वाजते आणि कायद्याचा आकारच मोडतो. चार हातांवर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकले तर कान हाताची बाजू घेतो. तिन्ही ठिकाणे सलग तीन आवर्तनांत स्वच्छ आली तरच लय पाच मात्रांनी वाढवा. एकदा जरी बिघडले तरी दहाने उतरा. हे कंटाळवाणे आहे खरे, आणि ‘सहा तास’वाल्या चौकटीत हे काम दिसत नाही.

दुखण्याबद्दल पालकांना एक गोष्ट नीट सांगायला हवी. बोटाच्या टोकाला पडलेला फोड किंवा घट्टा हे दुखणे नव्हे. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला होणारी कळ मात्र गंभीर. अंगठा मुठीत घ्या आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. तिथे झणझणले तर त्या जागची स्नायुबंधाची म्यान सुजलेली असण्याची शक्यता मोठी. ‘वाजवून वाजवून मोकळे होईल’ हा सल्ला इथे घातक. मांडी घालून तासापेक्षा जास्त बसल्यावर पायाला मुंग्या येतात, त्यावर उपाय सोपा : बैठकीखाली दोन-तीन इंच जाडीची घडी घातलेली सतरंजी घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात. आणि दर चाळीस मिनिटांनी उठा.

पण अतिरियाजाचे सर्वांत अवघड दुखणे दुखतच नाही. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर ऐन भरात असताना, 1960 च्या दशकाच्या मध्यात, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. पुढची जवळपास तीस वर्षे त्यांनी मुख्यतः एकट्या डाव्या हातासाठी रचलेले संगीत वाजवले, वाद्यवृंद चालवला, शिकवले. 1990 च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शने घेऊन ते दोन्ही हातांनी वाजवू लागले. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. मेंदूत बोटांचे वेगवेगळे नकाशे एकमेकांत मिसळतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. प्रत्येक जास्त वाजवणाऱ्याला तो होत नाही, आणि मुलांना भिवविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण जे बोट पूर्वी ऐकत होते ते ऐकेनासे झाले तर त्याला आणखी तास देणे हा उपाय नव्हे, इतके तरी घराघरात माहीत असावे.

तासांच्या बाजूने बोलणारे बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा 1993 चा अभ्यास पुढे करतात. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा तो अभ्यास. दहा हजार तासांचा लोकप्रिय आकडा तिथूनच आला, आणि ती एका गटाची सरासरी होती, पात्रतेची अट नव्हे. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद कोणी सांगत नाही : सर्वांत चांगल्या विद्यार्थ्यांचा एकट्याने केलेला रियाज दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास होता, तो साधारण दीड तासाच्या आतल्या बैठकींत विभागलेला होता, आणि ही मुले दुपारी झोपतही होती. झोपेचे महत्त्व पुढेही दिसले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोटांचा ठरावीक क्रम शिकलेल्यांचा वेग रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये काहीही सराव न करता, सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला आढळला. पुढे त्या आकड्यावर वाद झाले, पण पहाटे चारला उठवून मुलाला तबल्यावर बसवण्याआधी तो रात्री किती वाजता झोपला, हे विचारायला हरकत नसावी.

मग शिवशिवणाऱ्या हातांचे करायचे काय? याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे आणि परीक्षेत त्याला गुणही आहेत : पढंत. दुर्दैवाने बहुतेक मुले ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करतात. पढंत म्हणजे बोल नुसते म्हणून दाखवणे नव्हे. हाताने तीनताल धरा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, आणि लय जराही न हलवता वरचा कायदा आधी बराबरीत, मग दुगुन, मग चौगुन म्हणा. खाली आली की आवाज उतरला पाहिजे, ‘धा’ आणि ‘ता’ यांतला फरक भिंतीपलीकडच्या माणसालाही कळला पाहिजे. पहिल्या दिवशी चौगुनीला बहुतेकांची टाळी पळते. टाळी पळते तिथेच तबल्यावर लयही पळत असते, ती डग्ग्याच्या घुमाऱ्यात लपलेली असते इतकेच.

पढंतीचा आणखी एक उपयोग आम्हाला मोठा वाटतो. एखादा पलटा हातात अडकला तर तोच तोंडाने म्हणून पाहा. तोंडही त्याच जागी अडखळले तर दोष हाताचा नाही, बोल डोक्यात बसलेला नाही. अशा वेळी हाताने तो शंभर वेळा वाजवणे म्हणजे फुकटची हमाली. तोंडातून स्वच्छ निघाला आणि हातात अडकला, तरच निकासाचे (बोल हातातून काढण्याच्या पद्धतीचे) काम करायचे. लयीचेही तसेच : जी लय तोंडाला पेलत नाही, ती हाताला देऊ नका. नवे पलटेही आधी तोंडाने रचावेत. हात नेहमी ओळखीच्या वाटेनेच जातो, तोंड निदान विचार करते.

बसमध्ये, वर्गात तोंड उघडता येत नाही. तिथे अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवा. प्रत्येक बोटाची तीन पेरे आणि टोक मिळून चार, चार बोटांवर सोळा मात्रा. करंगळीच्या बुडाच्या पेरावर सम, म्हणजे पहिली मात्रा, धरा आणि बोल मनात म्हणा. बाकही वाचतो, बाईंचा ओरडाही.

आठवीतल्या मुलाला शाळेच्या दिवसांत दीड तास हातांचा रियाज पुष्कळ झाला, तोही दोन बैठकींत. सुरुवातीची दहा मिनिटे मिनिटाला 50 मात्रांवर नुसते ना, तिं, ता आणि डग्ग्यावर गे, सुटे सुटे. मग एकच कायदा आणि त्याचे तीन-चार पलटे, लेहऱ्याबरोबर (ताल धरून फिरणाऱ्या धूनेबरोबर). रेला (जलद बोलांची सलग रचना) शेवटी, हात गरम झाल्यावर, आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. पढंत याच्यावर कितीही, तिला मर्यादा नाही. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या (अखंड रियाजाच्या व्रताच्या) गोष्टी ऐकून भारावलेल्यांना एवढेच सांगायचे, की चिल्ला हा बसलेल्या हाताचा असतो आणि तो गुरूच्या सांगण्यावरून धरायचा असतो. कच्च्या हाताने तो केला तर चाळीस दिवसांत कच्चेपण पक्के होते.

वाद्याची अवस्थाही हाताला बिघडवते. पावसाळ्यात पुडी सैल पडते, सूर उतरतो आणि मुले आवाजासाठी जोरात मारू लागतात. आधी हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) समोरासमोरच्या घरांना ठोकून सूर चढवा, तेवढ्याने भागले नाही तरच गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली सरकवा. उलट, मापापेक्षा फार वर चढवलेली पुडी इतकी टणक होते, की दहा मिनिटांत बोटांची टोके हुळहुळतात. घामट हात पुसून बसा, कारण ओलाव्याने शाईचे खडे सुटून तबला चरचरू लागतो. आपल्या तबल्यातून सुरेल उपस्वर निघतात ते या शाईच्या वजनामुळे, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच ‘नेचर’ नियतकालिकात मांडले होते. शाई गेली की मूल कितीही तास बसले तरी त्याचा कान बेसूरच घडणार.

सोसायटीतल्या तक्रारींबद्दल थोडेसे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळेत तबल्यावर फडके टाकून वाजवण्याची युक्ती बरेच जण करतात. फडक्याने आस मरते, म्हणजे पुन्हा बाकाचीच गत. रात्री दहानंतर पढंतच बरी.

आपल्याला विनंती एवढीच, की यापुढे अशा चौकटीत तासांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारले जावेत : सध्या कोणता कायदा चालू आहे, आणि तो म्हणून दाखवाल का? आणि ज्या पालकांच्या मुलांचे मनगट दोन आठवड्यांहून जास्त दुखते आहे, त्यांनी डॉक्टरांकडे जाताना मुलाचा तबला वाजवतानाचा व्हिडिओ बरोबर न्यावा, शक्यतो बाजूने काढलेला, ज्यात खांदा, कोपर आणि अंगठा तिन्ही दिसतील. ‘तबला वाजवतो’ एवढ्या सांगण्यावरून नेमका ताण कुठे येतो ते डॉक्टरांना कळणे कठीण असते.

आपले,
तबला शिकवणारे काही शिक्षक, मिरज