जेनिट मायक्रोस्कोपवर बसवताना

जळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

जेनिट-ई हा जुना रशियन फिल्म कॅमेरा घेतलास, फार बरं केलंस. पण भो, तो मायक्रोस्कोपच्या नळीवर चढवू नकोस. नुसती बॉडीच अर्ध्या किलोच्या वर भरते. त्या भारानं नळी हळूहळू खाली सरकते, फोकस जातो आणि कधी ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडकडचं भिंग, स्लाइडवर टेकतं. त्यापेक्षा बंद पडलेल्या एखाद्या फोटो स्टुडिओतून एनलार्जरचा (फिल्मवरून मोठे फोटो काढायच्या यंत्राचा) खांब मिळव आणि कॅमेरा तोंड खाली करून त्यालाच बांध. कॅमेऱ्यानं आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, शिवायचंच नाही. मधल्या फटीला काळ्या मखमलीची सैल बाही पुरते.

लेन्स काढून ४२ मिमीच्या आट्यांत एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे भिंग नसलेली पोकळ नळी, लाव. तिला आतून मखमल चिकटव, नाहीतर फोटोच्या मधोमध पांढुरका डाग येतो. आयपीसपासून फिल्म १२५ मिमीवर ठेव. १० चं ऑब्जेक्टिव्ह आणि १० चा आयपीस असेल तर १० × १० × १२५ ÷ २५० (२५० मिमी हे डोळ्यानं बघायचं ठरीव अंतर), म्हणजे फिल्मवर ५० पट. ३६ मिमीच्या फ्रेममध्ये स्लाइडचा जेमतेम ०.७२ मिमी मावतो. केळीच्या पानावरच्या करप्याची कड घ्यायला एवढं पुष्कळ.

आयपीसमधून डोळ्यानं लावलेला फोकस फिल्मवर चालत नाही, तो व्ह्यूफाइंडरमधूनच पुन्हा लाव. सरावाला कपाशीचा एक तंतू घे. तो चपट्या, पीळ घातलेल्या फितीसारखा दिसतो. पिळाची वरची कड रेखीव झाली की खालची पुसट होते. फोकसची खोली किती थोडी असते, ते तिथे नीट कळतं.

खरा शत्रू म्हणजे शटर दाबताना कॅमेऱ्यातल्या उडणाऱ्या आरशाचा धक्का. दिव्यासमोर काळा पुठ्ठा धर, केबल रिलीजनं (बटण दाबायच्या लवचीक तारेनं) शटर 'बी'वर, म्हणजे दाबून धरू तोवर उघडं राहील असं, उघड, दोन सेकंद थांब, मगच पुठ्ठा काढ. वेळ संपली की पुठ्ठा परत आणि त्यानंतर शटर बंद. कॅमेऱ्यावरचं मीटर लेन्सच्या वाटेनं येणारा प्रकाश मोजत नाही, त्यामुळे ते इथे कामाचं नाही. १, २, ४, ८ सेकंद असे चार फोटो घे आणि वहीत नोंद ठेव. उजेड कमी करायला कंडेन्सरची (स्लाइडखालच्या भिंगाची) झडप मिटू नकोस, त्यानं बारकावे जातात. आपल्याकडे व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून दिवा बॅटरीवरचाच हवा.

फिल्म कृष्णधवल घे, सोबत हिरवा फिल्टर. साध्या ऑब्जेक्टिव्हचं काम हिरव्या उजेडात सगळ्यात चोख असतं. मे महिन्यात रोल फ्रिजमध्ये ठेव, पण तासभर आधी बाहेर काढून मगच डबी उघड, नाहीतर दव धरतं.

आणि प्रत्येक रोलची पहिली फ्रेम स्टेज मायक्रोमीटरची, म्हणजे बारीक मापपट्टी कोरलेल्या स्लाइडची, घे. त्यावरून पुढच्या फोटोंतली मापं काढता येतील.

तुझाच