बोलला तरी दंड, गप्प बसला तरी दंड

बेलव्यू, वॉशिंग्टन
रविवार दुपार

प्रिय दिल्या,

‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असं लिहून सुरुवात करणार होतो, पण मग तू ते वर्षभर चारचौघांत वाचून दाखवशील. म्हणून सरळ विषयाला हात घालतो.

तुझ्या पत्राच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर मिळाले. अक्षर अजून तसंच आहे, डॉक्टरला लाजवेल असं. पुतण्याचं प्रकरण वाचलं. फुटबॉलची मॅच जिंकल्या जिंकल्या कुणीतरी त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला आणि पोरगं बोलून गेलं, “त्यांच्या बॅकला पळायलाच येत नाही, त्याला आम्ही काय करणार?” व्हिडिओ पेठेत फिरला आणि ज्येष्ठांनी त्याला दोन मॅच बाहेर बसवलं. तूही त्यांचीच री ओढतोस. खेळाडूनं पायानं बोलावं, तोंडानं नाही. ही थेरं अमेरिकेतून आली. आमच्या वेळी असं नव्हतं.

गड्या, आमच्या वेळी म्हणजे कधी? कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आपण समोरच्या गोलकीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, ते काय भजन होतं? आणि खासबागेत पैलवान शड्डू ठोकतो तो समोरच्याची ख्यालीखुशाली विचारायला? डिवचणं आपल्या मातीतलंच आहे. फरक एवढाच की शड्डूची क्लिप होत नव्हती.

पण अमेरिकेचं नाव काढलंसच, तर इथल्या एका मॅचची गोष्ट सांगतो. ती माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्या एकाच मैदानावर त्या दिवशी तीन माणसं होती आणि तुझ्या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं त्यांनी आपल्या अंगावर भोगली.

१९ जानेवारी २०१४. सिॲटलचं स्टेडियम. सिॲटल सीहॉक्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, अमेरिकन फुटबॉलची सेमीफायनल म्हण. जिंकणारा फायनलला, म्हणजे ‘सुपर बोल’ला जाणार. तुला हा खेळ कळत नाही (मलाही बरीच वर्षं कळत नव्हता), म्हणून इतकंच लक्षात ठेव: क्वार्टरबॅक बॉल फेकतो, रिसीव्हर तो झेलायला पळतो आणि कॉर्नरबॅक त्या रिसीव्हरला चिकटून राहतो, बॉल मिळू देत नाही. शेवटचं अर्धं मिनिटही उरलं नव्हतं. सिॲटल २३, सॅन फ्रान्सिस्को १७. क्वार्टरबॅक कॉलिन कॅपर्निकनं कोपऱ्यात मायकल क्रॅबट्रीकडे बॉल फेकला. झेल बसला असता तर मॅच फिरली असती. सिॲटलचा कॉर्नरबॅक रिचर्ड शेरमन हवेत उडाला, बोटांनी बॉल मागे ढकलला आणि तो त्याच्याच सहकाऱ्यानं पकडला. संपलं.

खरी मॅच त्यानंतर सुरू झाली. शेरमन क्रॅबट्रीजवळ गेला, हात पुढे केला. क्रॅबट्रीनं त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर हात मारून त्याला ढकललं. मग शेरमननं प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅककडे बघून गळा आवळल्याची खूण केली, त्याबद्दल पेनल्टी झाली आणि मागाहून ७,८७५ डॉलर दंडही. आणि मिनिटाभरात फॉक्स चॅनेलच्या वार्ताहर एरिन अँड्र्यूजनं त्याच्यासमोर माइक धरला. शेरमन कॅमेऱ्यात डोळे घालून ओरडला: मी या खेळातला सगळ्यात भारी कॉर्नर आहे, क्रॅबट्रीसारखा फालतू रिसीव्हर माझ्यासमोर आणलात तर हेच होणार! पुढे आणखी बरंच. चॅनेलनं घाईघाईनं कॅमेरा फिरवला.

मी ते घरी टीव्हीवर बघितलं. काय वाटलं सांगू? मजा वाटली. हृदयाचे ठोके दीडशेवर असलेल्या माणसासमोर तुम्ही माइक धरता आणि त्यानं आभारप्रदर्शन करावं अशी अपेक्षा ठेवता? खुद्द अँड्र्यूजनंही नंतर त्याला बोल लावला नाही. खेळाडूंनी असंच मनातलं बोलावं म्हणूनच तर आम्ही तिथे उभे असतो, असा तिचा सूर होता. तुझ्या पुतण्याच्या बाबतीत मला हेच विचारायचंय. मोबाईल ज्यानं धरला, क्लिप ज्यानं पेठेत फिरवली, त्याला ज्येष्ठांनी कुठे बसवलं?

दुसऱ्या दिवशी इथे टीव्हीवर जे चाललं ते मात्र मजेचं नव्हतं. शेरमनला ‘गुंड’ ठरवण्यात आलं, दिवसभर, चॅनेलमागून चॅनेल. हा गुंड कोण? लॉस एंजेलिसच्या शेजारच्या कॉम्प्टनचा. बाप कचऱ्याचा ट्रक चालवायचा. पोरगं स्टॅनफर्डला गेलं, पदवी घेतली. आधी रिसीव्हर होता, तिथेच कॉर्नरबॅक झाला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तो) त्याचं नाव पाचव्या फेरीत आलं, १५४ व्या नंबरवर. मैदानावर त्यानं शिवी दिली नाही, कुणावर हात टाकला नाही. त्यानं सोमवारी सकाळीच एक लेख लिहिला: रेषांच्या आत माणूस काय करतो त्यावरून त्याचा स्वभाव ठरवू नका, मैदानाबाहेर कसा वागतो ते बघा. सहकाऱ्यांचं कौतुक आपल्यामुळे झाकोळलं याचं वाईट वाटतं, हेही त्यानं कबूल केलं. नंतर पत्रकार परिषदेत तो म्हणाला, हल्ली काळ्या माणसाला जुनी शिवी देता येत नाही, म्हणून हा शब्द वापरतात. आणि मॅचच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, व्हँकुव्हरला (इथून गाडीनं तीनेक तास) आइस हॉकीची मॅच सुरू होताच खेळाडूंनी काठ्या टाकून मारामारी केली होती. ते बघून त्याला प्रश्न पडला की हे असं, आणि गुंड मी? याला उत्तर कुणाकडे नव्हतं.

आता दुसरा माणूस. त्याच मॅचमध्ये, त्याच सिॲटलकडून, मार्शॉन लिंचनं ४० यार्डांची धाव घेऊन टचडाउन (आपला गोल समज) केला होता. इथली माणसं त्याच्यावर जीव टाकतात. २०११ मध्ये त्यानं न्यू ऑर्लिन्सविरुद्ध ६७ यार्डांची जी धाव घेतली, तेव्हा प्रेक्षकांनी इतका धुडगूस घातला की जवळच्या भूकंपमापकावर नोंद झाली. खरंच झाली, मी चढवून सांगत नाहीये. तर हा लिंच म्हणजे तुझ्या ज्येष्ठांचं स्वप्न. तोंडातून शब्द काढत नाही, पायानं बोलतो.

त्याचं काय झालं? लीगचा नियम असा की खेळाडूनं पत्रकारांशी बोललंच पाहिजे. लिंच बोलेना. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला १,००,००० डॉलर दंड ठोकला. शेरमनच्या दंडाच्या बारा पटींहून जास्त, आणि तोही तोंड न उघडल्याबद्दल! पुढच्या जानेवारीत सुपर बोलचा मीडिया डे आला. लिंच काळा चष्मा लावून बसला आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत राहिला: दंड होऊ नये म्हणून मी इथे आलोय. मोजणाऱ्यांनी मोजलं, २९ वेळा. काही पत्रकार चिडले, काही हसले, आणि त्याची क्लिप त्या आठवड्यातल्या कुठल्याही शहाण्या मुलाखतीपेक्षा जास्त चालली. म्हणजे बोलणं टाळायला गेला आणि त्याचं वाक्य टी-शर्टवर आलं. (त्या सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी एक यार्ड हवा होता. लिंचकडे बॉल द्यायचा सोडून सिॲटलनं पास टाकला आणि तो न्यू इंग्लंडच्या पोरानं मधेच पकडला. २८-२४ नं हरलो. या विषयावर मी अजूनही शांतपणे बोलू शकत नाही, त्यामुळे पुढे जाऊ.)

तिसरा कोण, ते तू ओळखलं असशील. ज्यानं तो शेवटचा पास टाकला तो कॅपर्निक. २०१६ मध्ये काळ्या माणसांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ तो राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला, मग एका माजी सैनिकाशी बोलून गुडघा टेकू लागला. तोंडातून आवाज नाही, कुणाची खोडी नाही. पण तो सीझन संपल्यावर बत्तीस टीमपैकी एकीनंही त्याला घेतलं नाही. २०१७ मध्ये अलाबामातल्या सभेत खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी, गुडघा टेकणाऱ्याला शिवी हासडून मैदानाबाहेर काढा म्हटलं, आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. कॅपर्निकनं लीगविरुद्ध तक्रार केली, २०१९ मध्ये समझोता झाला, पण मैदान परत मिळालं नाही.

तर दिल्या, बोलला तो गुंड, गप्प बसला तो उर्मट, गुडघ्यावर बसला तो देशद्रोही. मग हवंय काय या लोकांना? माझं मत विचारशील तर खेळाडूनं बोलावं की नाही हा वाद खोटाच आहे. बोलायला हवंच असतं, कारण त्यावरच सकाळचे कार्यक्रम चालतात. फक्त ते त्यांनी सांगितलेल्या वेळी, त्यांच्या मापानं, प्रायोजकाचं पोट दुखणार नाही इतपत हवं. आपल्याकडे तरी वेगळं काय? २०१४ मध्ये मेलबर्नला कोहलीनं १६९ काढले, जॉन्सनशी त्याची जुंपली, आणि तुम्ही माझा तिरस्कार करता ते मला आवडतं, असं तो पत्रकारांसमोर बोलला. त्यावर आपल्याकडेच अर्धे लोक ‘वाघ’ म्हणत होते आणि अर्धे सचिनचं नाव घेऊन उसासे टाकत होते. सचिन थोर होताच, पण सगळ्यांनी सचिनच्या स्वभावाचं व्हावं हा हट्ट मला कधी पटला नाही.

आता तू म्हणशील, म्हणजे काहीही बोललेलं तुला चालतं का? नाही. तिथे मी तुझ्याकडे येतो, आणि माझ्या लाडक्या बॉक्सर मुहम्मद अलीला सोडून येतो.

तुला आठवतंय, आपल्या खोलीत भिंतीवर अली होता. त्यानं सनी लिस्टनला १९६४ मध्ये ‘कुरूप अस्वल’ म्हणून चिडवलं ते मला आजही भारी वाटतं. लिस्टन चॅम्पियन होता, जग त्याला घाबरत होतं, आणि एकवीस-बावीस वर्षांचं पोरगं त्याच्या घरासमोर जाऊन बोंबा मारत होतं. पण दुसरा बॉक्सर, जो फ्रेझियर, त्याचं काय? अलीनं सैन्यात जायला नकार दिला, त्याचं लायसन्स गेलं, तेव्हा याच फ्रेझियरनं त्याला परत खेळू द्या म्हणून शब्द टाकला, पैशांची मदत केली. साउथ कॅरोलायनाच्या शेतमजुराचा पोरगा, फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात राबलेला. १९७१ च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या लढतीआधी अलीनं त्यालाच ‘गोऱ्यांचा चॅम्पियन’, ‘अंकल टॉम’ (गोऱ्यांपुढे वाकणारा काळा) ठरवलं. फ्रेझियर जिंकला, पंधराव्या फेरीत डाव्या हुकनं अलीला खाली पाडलं, तरी डाग पुसला नाही. १९७५ च्या मनिलाच्या लढतीआधी अली खिशात रबरी गोरिला घेऊन फिरायचा, पत्रकारांसमोर काढून त्याला ठोसे मारायचा, हा म्हणजे फ्रेझियर. पत्रकार हसायचे. फ्रेझियरच्या पोरांना शाळेत चिडवलं जायचं.

ती लढत चौदा फेऱ्या चालली. फ्रेझियरचे डोळे सुजून मिटले होते, एडी फच या त्याच्या कोचनं पुढे पाठवलं नाही. संपल्यावर अलीनं फ्रेझियरच्या मुलाला बोलावून सांगितलं, बापाला सांग, मला तसं म्हणायचं नव्हतं. मुलानं निरोप पोचवला. फ्रेझियर म्हणाला, त्यानं मला येऊन सांगावं. अलीनं उघड माफी मागितली ती २००१ मध्ये, तीही वर्तमानपत्राला सांगून. लढतीची हवा करायला बोललो होतो, म्हणाला. फ्रेझियर २०११ मध्ये गेला, अली थरथरत्या हातापायांनी अंत्यविधीला आला.

मला यातलं टोचतं ते असं की अलीजवळ जीभ होती आणि फ्रेझियरजवळ नव्हती. ठोशाला ठोसा मिळत होता, पण शब्दाला शब्द मिळत नव्हता, आणि अलीला ते पक्कं माहीत होतं. कॅमेरेवाल्यांनाही. शेरमन क्रॅबट्रीच्या खेळाला फालतू म्हणाला. अली फ्रेझियरच्या कातडीवर, अकलेवर, त्याच्या माणसांतल्या इभ्रतीवर गेला. पुतण्या बॅकच्या पळण्यावर बोललाय. जातीवर, घरावर, वाडीवर बोलला असता तर मीच म्हटलं असतं, दोन कशाला, सीझनभर बसवा.

शेरमनची पुढची गोष्ट सांगायची राहिली. स्किप बेलेस नावाचे एक गृहस्थ टीव्हीवर खेळाडूंवर तोंडसुख घेऊन पोट भरायचे. २०१३ मध्ये त्यांच्या कार्यक्रमात जाऊन शेरमननं त्यांना तोंडावर सांगितलं होतं की मी जगण्यातच तुमच्यापेक्षा वरचढ आहे. आणि २०२३ मध्ये हाच शेरमन पगारी सहकारी म्हणून त्याच बेलेसच्या शेजारी सकाळच्या कार्यक्रमात बसू लागला. २०१४ च्या त्या मॅचनंतर क्रॅबट्री एवढंच म्हणाला होता की तो टीव्हीवाला माणूस आहे, मी नाही, मी खेळतो. नऊ वर्षांत ते शब्दशः खरं झालं. न बोलणारा लिंचसुद्धा ॲमेझॉनवर गुरुवारच्या मॅचआधी लोकांशी गप्पा मारत फिरताना दिसला, आणि झकास बोलतो लेका! कॅपर्निकसाठी मात्र तसली खुर्ची कुणी मांडल्याचं मी पाहिलं नाही.

इथे पाऊस लागून राहिलाय. वहिनींना नमस्कार सांग, आणि काकूंच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव. पुढच्या पत्रात अक्षर जरा मोठं काढ.

तुझा,
सुन्या